खालून एक ठोका

१

अन्फूशीच्या किनाऱ्यावर बोटी बांधणाऱ्यांचे हातोडे सुरू व्हायच्या आधी बहगतचं दुकान उघडलेलं असायचं. उघडलेलं म्हणजे अर्धं. शटर कमरेइतकं वर, आत एकच दिवा, आणि काउंटरमागे बहगत चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एका बोटाने टकटक करत बसलेला. दोर, कप्प्या, डांबर, नांगराच्या साखळ्या, जाळ्यांची शिसं, पितळी कंदील असला माल विकणारा माणूस त्या खिडकीत रोज काय बघतो, याचं कोळ्यांना भारी कौतुक.

“काय मुअल्लिम, आज काय म्हणतं तुझं भूत?” तांडेल अतिया शटरखालून वाकून, उस्तादाला पुकारावं तसं विचारायचा.

“म्हणतं, अतिया आला की दोर दोनदा मोज.”

“आणि तू ऐकतोस त्याचं?”

“तुझं ऐकण्यापेक्षा बरं.”

बहगतची शाळा लवकर सुटली होती. ग्रीक तो खलाशांशी घासाघीस करता करता शिकला, इटालियन रंगाच्या डब्यांवरून. तरुणपणी त्याने एका ग्रीक कप्तानाला दोर विकला, तेव्हा तो कप्तान जाता जाता काहीतरी पुटपुटला. बहगतला वाटलं, आभार मानले. पुढे कित्येक वर्षं येईल त्या ग्रीक गिऱ्हाइकाला तो छातीवर हात ठेवून अदबीने तेच म्हणायचा, आणि ते बिचारे लालबुंद होऊन निघून जायचे. त्यामुळे साठी उलटल्यावर मुलगी त्याला आणखी एक भाषा शिकवायला बसली, तेव्हा त्याने पहिली अट घातली. “दुरेया, आधी शिव्या सांग. म्हणजे फसायला नको.”

“हिच्यात शिव्या नाहीत, बाबा. चुकलं तर कुठल्या ओळीवर चुकलं तेवढं सांगते आणि गप्प बसते.”

“तुझ्या आईपेक्षा बरी आहे मग.”

“मी ऐकतेय,” इन्साफ आतून म्हणाली.

त्या भाषेचं नाव गो. दुरेया स्मूहा भागातल्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची, आणि उरल्या वेळात बापाच्या दुकानासाठी एक लिहीत होती. कुठल्या खुंटीवर कुठला दोर, कुठली बोट काय घेऊन गेली, हे सगळं त्यात. दुकानाच्या वर लाकडी माळा होता, तिथे तिचं टेबल. वर ती लिहायची आणि पाठवायची, खाली बहगत ते काउंटरवरच्या मशीनवर उतरवून घ्यायचा. मग दुकान उघडण्याआधी दोन आज्ञा द्यायच्या. पहिली ‘गो फम्ट’. संध्याकाळी बहगत दोरांची वेटोळी सारखी करून ठेवायचा, तसं ही आज्ञा लिहिलेलं सारखं करायची. जिला हात लावावा लागला त्या फाइलचं नाव सांगायची. सगळं जागच्या जागी असेल तर एक अक्षर बोलायची नाही.

“गप्प राहिली म्हणजे ठीक, बाबा. लक्षात ठेव.”

दुसरी ‘गो टेस्ट’. चाचणी म्हणजे काय ते दुरेयाने त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं होतं. “खोटं गिऱ्हाईक समज. शटर उघडायच्या आधी मी एकेक खोटं गिऱ्हाईक दुकानात पाठवते. ते दोर मागतं, कंदील मागतं. प्रोग्रॅमने बरोबर दिलं की ते ‘ठीक’ म्हणून निघून जातं.”

“रोज तेच गिऱ्हाईक?”

“वरून मी काही बदललं असेल तरच. काहीच बदललं नसेल तर त्याला पुन्हा कशाला पाठवायचं? मग हे अवजार कालचंच उत्तर बरणीतून काढून देतं. पण प्रामाणिक आहे हो. ओळीच्या शेवटी लिहितं, की हे साठवणीतलं.”

बहगतला इंग्रजी येत नव्हतं. त्याने त्या शब्दांचे चेहरे ओळखायला शिकून घेतलं, जहाजांची नावं ओळखायचा तसे. ‘ठीक’चा चेहरा आखूड. ‘साठवणीतलं’चा लांब, कंसात बसलेला. आणि गिऱ्हाईक खरंच आत येऊन गेलं असेल, तर त्या कंसाच्या जागी त्याला किती वेळ लागला तो आकडा.

२

सगळं ठीक आलं की बहगत होडी ओढायची लांब आकडी उचलायचा आणि तिच्या मुठीने छताला एक ठोका द्यायचा. वरून दुरेया टाच आपटायची, दोनदा. पोचलं, असा त्याचा अर्थ. लाकडाच्या फटींतून थोडी धूळ बहगतच्या टकलावर पडायची, इन्साफ ओढणीने ती झटकायची, आणि मग शटर पुरतं वर जायचं. फोन होते, मेसेज होते. पण बापलेकीचं चालायचं ते असं.

दुरेयाला रक्ताचा आजार झाला तेव्हाही ती माळा सोडायला तयार झाली नाही. तिथल्या खिडकीतून बोटी दिसतात म्हणाली. मग बिछाना वर गेला, औषधं वर गेली, आणि लिहिणं काही थांबलं नाही. एका सकाळी बहगतने मशीन उघडलं तर वरून एक नवी फाइल आलेली. कंदिलांची. त्याने दोन्ही आज्ञा दिल्या. ठीक. त्याने आकडी उचलली, तर इन्साफने त्याचं मनगट धरलं.

“झोपू दे तिला,” ती म्हणाली. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

बहगतने आकडी अलगद कोपऱ्यात टेकवून ठेवली. आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं घातलं.

दुपारी इन्साफ मसूरचं सूप घेऊन वर गेली, आणि मग वरून जे ऐकू आलं त्याला हाक म्हणता येणार नाही. दुरेयाच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता, मान भिंतीला टेकलेली. ती सकाळपासून झोपेत होती, की जागी राहून ठोक्याची वाट बघत होती, हे सांगू शकणारं कोणी नव्हतं. नवराबायकोने एकमेकांना ते कधी विचारलंही नाही. एका घरात, एका ताटात जेवून, दोघं त्या प्रश्नाला वळसा घालून चालत राहिले.

लोक मात्र इन्साफला उम्म दुरेया, म्हणजे दुरेयाची आई, आणि त्याला अबू दुरेया, दुरेयाचा बाप, म्हणत राहिले. नावं काही कोणी काढून घेत नाही.

३

त्यानंतर कोणी प्रोग्रॅमला हात लावला नाही. लावणार कोण? तरी बहगत रोज सकाळी दोन्ही आज्ञा द्यायचा. पहिली गप्प. दुसरीच्या सगळ्या ओळी ठीक, आणि प्रत्येकीच्या शेवटी लांब चेहऱ्याचा तो शब्द. साठवणीतलं, साठवणीतलं, साठवणीतलं. तो बघायचा, आणि शटर वर करायचा. आकडी कोपऱ्यात, खाली तेच फडकं.

हिवाळा गेला, उन्हाळ्याचे पाहुणे आले, गेले. समुद्राचा रंग बदलायला लागला. तांडेल लोक येणाऱ्या वादळांची नावं घ्यायला लागले, आणि अशाच एका सकाळी बहगतचं बोट बटणावर थबकलं.

पहिली आज्ञा गप्प राहिली नव्हती. तिने एक नाव सांगितलं होतं. कंदिलांच्या फाइलचं.

त्याने चष्मा पुसला. कोणीतरी त्या फाइलमध्ये काहीतरी वेडंवाकडं ठेवलं होतं, आणि आज्ञेने ते आत्ता सरळ केलं होतं. त्याने दुसरी आज्ञा दिली. ओळी पडल्या. दोर, ठीक, साठवणीतलं. कप्प्या, ठीक, साठवणीतलं. कंदील, ठीक. शेवटी कंस नव्हता. आकडा होता, लहानसा.

म्हणजे गिऱ्हाईक आत येऊन गेलं होतं.

बहगत हिशेबी माणूस. भुताखेतांच्या गोष्टी तो फक्त कंदील खपवायला सांगायचा. त्याने मनाशी म्हटलं, माझंच बोट कुठेतरी लागलं असेल. मग म्हटलं, उंदीर असेल, बटणांवरून गेला असेल. मग तो जिना चढून माळ्यावर गेला.

वर सगळं इन्साफने ठेवलं तसंच होतं. टेबलावर चादर, चादरीखाली बंद लॅपटॉप, त्याची वायर गुंडाळून बाजूला. खिडकीच्या काचेवर समुद्राचं मीठ साचलेलं. त्याने चादरीखाली हात घालून लॅपटॉपला लावला. थंडगार. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. खाली उतरताना जिन्याची तळापासून दुसरी पायरी करकरली. ती नेहमीच करकरायची.

४

दुसऱ्या दिवशी पहिल्या आज्ञेने पुन्हा तेच नाव सांगितलं, आणि आकडा वाढला. तिसऱ्या दिवशी आणखी. आज्ञा दिल्यावर कंदिलाची ओळ यायला आता वेळ लागायचा, आणि त्या मधल्या वेळात दुकानात मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची.

जन्मभर काउंटरमागे उभा राहिलेला माणूस एका गोष्टीला भितो. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही, चोरालाही नाही. आत येऊन उभं राहतं आणि काहीच मागत नाही, त्या गिऱ्हाइकाला. तुम्ही विचारता काय हवं, ते तुमच्याकडे बघत राहतं. बहगतला रोज सकाळी तसं वाटायला लागलं.

मग एका सकाळी ओळ आलीच नाही.

बाकीच्या आल्या. कंदिलाची नाही. बाहेर हातोडे सुरू झाले, ट्राम घंटा वाजवत रास-अत्-तीनकडे गेली, रेडिओवर कुराणाची एक तिलावत संपून दुसरी सुरू झाली. बहगत हात काउंटरवर टेकून उभा. त्याच्या लक्षात आलं, आपण छताकडे बघतोय.

“अबू दुरेया, न्याहारी गार होतेय,” इन्साफ म्हणाली.

“आलो.”

“वर काय बघतोयस?”

“काही नाही. वाट बघतोय.”

दहा मिनिटांनी अवजार कंटाळलं आणि त्याने चाचणी स्वतःच मारून टाकली. मारली की मग ते सगळं ओकतं. कोण कुठे उभं होतं, कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर, काय करत होतं. खिडकी अक्षरांनी भरून वर वर धावली. त्यातलं बहगतला काही वाचता आलं नाही. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि रमझीला पाठवला.

५

रमझी दुरेयाबरोबर कामाला होता. तिला मागणी घालायचं त्याच्या मनात होतं, ते मनातच राहिलं. तो दर महिन्याला दुकानात यायचा, गरज नसलेली एखादी कप्पी विकत घ्यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. घरी त्याच्याकडे एवढ्या कप्प्या साठल्या होत्या की बोट बांधली असती तरी उरल्या असत्या.

तो आला, खुर्ची ओढून बसला, आणि फोटो मोठा करून ओळ न् ओळ बघायला लागला.

“वाच की,” बहगत म्हणाला. “काय करतंय ते गिऱ्हाईक?”

“थांबलंय, काका. असं होतं कधीकधी. दोन टोकं असतात. एका टोकाकडून निरोप यायचा असतो, दुसरं टोक वाट बघत असतं. पलीकडे बोलणारंच कोणी नसेल, तर ते बसतं वाट बघत.”

“कोणाकडून निरोप यायचाय?”

“ते लिहिलेलं नाही.”

“पण उभं कुठे आहे ते?”

रमझीने मान खाजवली. “तेच जरा विचित्र आहे. हे म्हणतंय ते ज्या ओळीवर उभं आहे, तेवढ्या ओळी या फाइलमध्ये नाहीतच.” त्याने फाइल उघडून शेवटपर्यंत नेऊन दाखवली. कंदील, काच, वात, रॉकेल, आणि शेवटचा कंस. त्याखाली काळोख. “फाइल इथे संपते. ते त्याच्या बरंच खाली उभं आहे.”

“खाली?”

“ओळी वरून खाली लिहितात ना, काका. म्हणून खाली.” मग त्याने आपल्या आवाजाला थोडं हसू लावलं. “दोन प्रती झाल्या असतील. नाहीतर डिस्क जुनी झालीय, इथल्या खाऱ्या हवेत काय टिकणार? त्यात भिण्यासारखं काही नाही.”

“मी भितोय असं कोणी सांगितलं?”

“तुम्ही चहात मीठ घातलंत.”

बहगतने पेला बाजूला सारला. पुढचे काही दिवस रमझी कामावर जाण्याआधी येऊन बघून जायचा. वाट बघणारं ते रोज थोडं आणखी खालच्या ओळीवर उभं असायचं. रमझीने समजूत घालणं सोडून दिलं. एका सकाळी मात्र इन्साफने त्याला बाहेर, अतियाच्या उलट्या करून ठेवलेल्या होडीपाशी गाठलं. बहगतला शटरखालून दोघांचे पाय दिसत होते आणि बोलणं ऐकू येत होतं.

“बेटा, पुसून टाक ते. सगळं. दुसरा कुठला विकतचा प्रोग्रॅम घाल. मुलगी गेली माझी. हा माणूस पण त्या खिडकीत उतरत चाललाय. जेवत नाही, बोलत नाही. छताकडे बघत बसतो.”

“खालाजान, तिचं शेवटचं लिहिलेलं आहे ते.”

“म्हणूनच तर,” इन्साफ म्हणाली. आणि मग, खालच्या आवाजात: “तिला जागं करू नको असं मीच म्हटलं होतं त्याला. रोज सकाळी ते मशीन सुरू झालं की मला वाटतं, आता तो मला विचारणार.”

शटरच्या आत बहगत डोळे मिटून उभा राहिला. त्याने तिला कधीच विचारलं नसतं. पण हे तिला सांगायचं, तर आधी तो प्रश्न तोंडाने उच्चारावा लागला असता.

तो वाकून बाहेर आला. “मकनसा येईल त्या दिवशी पूस,” तो रमझीला म्हणाला. “बंदर बंद असतं, गिऱ्हाईक नसतं. त्या दिवशी.”

मकनसा म्हणजे केरसुणी. हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या वादळाचं ते नाव. ते सगळा किनारा झाडून नेतं.

६

वादळ सांगितलेल्या वेळी आलं. सकाळचे दहा आणि बाहेर दिवेलागणीसारखा उजेड. बोटी वर ओढलेल्या, हातोडे बंद, ट्रामही बंद. लाटा किनाऱ्याच्या भिंतीवर आपटत होत्या आणि खारं पाणी रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीपर्यंत येत होतं. रमझी चिंब भिजून आला. त्याने खिशातून डिस्क काढली, दुकानाच्या मालाची यादी तिच्यावर उतरवून घेतली. उरलं ते फक्त पुसायचं.

दुकान अरुंद. एका बाजूला काउंटर, दुसऱ्या बाजूला दोरांची वेटोळी, मधे माणूसभर वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला माळ्याचा जिना. इन्साफ जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून, वाट अडवूनच बसली होती, मांडीवर जपमाळ.

“एकदा चालवू दे,” बहगत म्हणाला. “शेवटचं.”

रमझीने इन्साफकडे पाहिलं. तिने जपमाळेचा एक मणी पुढे ओढला. तो उठला आणि सिगारेट ओढायला दारात जाऊन उभा राहिला, पाठ करून. पोराला समज होती.

बहगतने पहिली आज्ञा दिली. गप्प. दुसरी दिली. दोर, कप्प्या, साखळ्या, ठीक. कंदिलाची ओळ नाही. पंखा घरघरायला लागला. बाहेर समुद्र आणि आत तो पंखा.

त्याने मनाशी सगळं मांडून पाहिलं, सौदा मांडतात तसं. आपण ठोकलं आणि वरून काहीच आलं नाही, तर आपण एक म्हातारा मूर्ख, आणि मग रमझी पुसून टाकेल. आपण ठोकलं आणि वरून काही आलं, तर? तर ती वर्षभर जागी होती. वर्षभर, एका ठोक्यासाठी. आणि ठोकलं की वाट बघणं संपेल. वाट बघायचं संपलेलं गिऱ्हाईक दुकानात थांबत नाही.

न ठोकता राहिलं तर ती थांबेल. रोज सकाळी, त्या फाइलच्या खाली, काळोखात, थोडी थोडी खाली उतरत. पण असेल. इथेच असेल.

जन्मात एवढा स्वस्त आणि एवढा वाईट सौदा त्याच्यासमोर कोणी ठेवला नव्हता.

तो कोपऱ्यात गेला. आकडी उचलली. तिच्या खालचं फडकं तिथेच राहिलं, मधे आकडीच्या टोकाचा गोल डाग. इन्साफ बघत होती. या वेळी तिने त्याचं मनगट धरलं नाही. तिचे ओठ हलले. “ठोक,” ती म्हणाली.

त्याने छताला एक ठोका दिला.

टाच वाजली नाही. एकदाही नाही. बहगत कान देऊन उभा राहिला, तोंड उघडं, आकडी हातात. लाट आपटली, ओसरली, दुसरी आपटली. वर काही नाही.

मग टेबल होतं त्या जागेच्या बरोबर खाली, फळ्यांच्या फटीतून थोडी धूळ गळली. जराशी, चिमूटभर. मग हातभर पुढे दुसऱ्या फटीतून. मग आणखी पुढे. आवाज अजिबात नव्हता. धूळ छतावरून चालत जिन्याच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

पंख्याची घरघर बंद पडली. खिडकीत ओळ आली होती. कंदील, ठीक. बहगतने ती नंतर पाहिली. त्या क्षणी तो इन्साफकडे बघत होता.

तळाची दुसरी पायरी करकरली.

इन्साफ उठली. घाईने नाही. अरुंद दुकानात कोणी मागून येतं आणि म्हणतं जरा, तेव्हा बाई माणूस उठते ना, तशी उठली. तिने खुर्ची दोन्ही हातांनी उचलून दोरांच्या बाजूला घेतली, पोट आत घेऊन स्वतः वेटोळ्यांना चिकटून उभी राहिली, आणि वाट दिली. तिची नजर कशाच्या तरी सोबत हळूहळू जिन्यापासून दाराकडे गेली. बहगतला वाटलं, काउंटरवरचा उजेड एकदा झाकोळला आणि मोकळा झाला. दुरेयाच्या आजारपणातल्या औषधी साबणाचा वास आला, की आल्यासारखं वाटलं. तेवढंच. शपथ घालून विचारलं असतं तरी त्याला त्याहून जास्त सांगता आलं नसतं.

दारात रमझी पाठमोरा उभा होता. तो जरा बाजूला सरकला, वाऱ्याची वाट अडू नये म्हणून सरकावं तसा. मग त्याने हातातल्या सिगारेटकडे पाहिलं. ती विझली होती.

“वारा फिरला,” तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही.

७

मशीन पुसलं गेलं नाही. त्या दिवशी कोणी विषय काढला नाही, आणि नंतर रमझीने विकतचा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर घालून दिला. जुनं तिथेच, काउंटरच्या कोपऱ्यात राहिलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी किनाऱ्यावरची लाकडं गोळा केली, हातोडे पुन्हा सुरू झाले.

“काय मुअल्लिम, आज काय म्हणतं तुझं भूत?” अतियाने विचारलं.

“कालचंच,” बहगत म्हणाला.

सगळ्या ओळी. कंदिलाचीही. ठीक, साठवणीतलं. ती कुठे उभी आहे, असं आता अवजार सांगत नव्हतं. ती कुठेच उभी नव्हती.

रमझी त्या महिन्याची कप्पी घ्यायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, “बरं झालं रोज विचारता, काका. विचारणं सोडलं, की काही दिवसांनी हे अवजार साठवणीतलंही फेकून देतं.”

“विचारतो मी,” बहगत म्हणाला. “माझं काय जातंय?”

“आणि पुन्हा खरोखर चालवून बघायची असेल चाचणी, तर कंदिलांच्या फाइलमध्ये वरती एक रिकामी ओळ टाका आणि पहिली आज्ञा सोडून थेट दुसरी द्या. बास. एवढ्याने त्याला वाटतं, काहीतरी बदललंय. मग गिऱ्हाईक पुन्हा आत येतं.”

तो सहज बोलून गेला. काउंटरशी चहाचे पेले ठेवणारी इन्साफ थांबली.

दुसऱ्या दिवशी बहगत शटर अर्धं करून आत आला तर मशीन आधीच चालू. इन्साफ समोर बसलेली. तिला त्यातलं काही येत नव्हतं, पण नवऱ्याची बोटं ती वर्षभर बघत आली होती. कंदिलांची फाइल उघडी. पहिल्या ओळीच्या आधी ती छोटी उभी रेघ लुकलुकत होती. इन्साफचं बोट ओळ सोडायच्या मोठ्या बटणावर टेकलेलं, दाबलेलं नव्हतं.

“मी तिला नीट पाहिलं नाही रे,” ती वळून न बघता म्हणाली. “खुर्ची उचलण्यात राहिले. तोंड वर केलं तोवर पाठ दिसली. एकदा विचारू? एकदाच.”

बहगत तिच्या मागे जाऊन उभा राहिला. वर्षभर ज्याला वळसा घालून दोघं चालत होते, ते आता समोरच होतं. त्याने हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं, तिने एकदा त्याचं धरलं होतं तसंच, हलकं.

“झोपू दे तिला, उम्म दुरेया,” तो म्हणाला. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

ती रडली ते त्याच्या हातावर रडली. बराच वेळ. बाहेर ट्राम गेली, अतियाने शटर वाजवलं आणि आतलं ऐकून निघून गेला. मग बहगतने फाइल जशी होती तशी बंद केली, आज्ञा दिली, लांब चेहऱ्याचा शब्द आलेला पाहिला, आणि शटर पुरतं वर केलं.

इन्साफने डोळे पुसून खुर्ची आपल्या नेहमीच्या जागी न्यायला उचलली. दोन पावलं गेली, जिन्याकडे पाहिलं, आणि खुर्ची पुन्हा दोरांच्या बाजूला, भिंतीला लावून ठेवली. त्यानंतर तिने ती कधीच वाटेत मांडली नाही.